प्लॅनर हेडफोन आणि ॲम्प्लिफायर : एका समजुतीचा इतिहास

प्लॅनर हेडफोन घ्यावयाचा तर सोबत बलाढ्य ॲम्प्लिफायर हवाच, अशी समजूत श्रोत्यांत दृढ झालेली आढळते. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. हेडफोनइतकीच रक्कम आणखी उभी करावी की बेतच सोडून द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. या समजुतीचा उगम व तिची आजची ग्राह्यता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेडफोनला शक्ती कोण पुरविणार, हा प्रश्न नभोवाणीइतकाच जुना आहे. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा साध्या क्रिस्टल संचाला ना बॅटरी लागे, ना ॲम्प्लिफायर. एरियलने पकडलेली क्षीण ऊर्जा हीच काय ती शक्ती; म्हणून हेडफोनमध्ये बारीक तारेचे, हजारो ओहमचे वेटोळे असे. पुढे व्हॉल्व्हच्या रेडिओने आवाज खोलीभर पोहोचविला आणि हेडफोन मागे पडला. 1947 मध्ये संस्थानी प्रदेशांत असलेल्या पाच नभोवाणी केंद्रांपैकी एक औरंगाबादला होते; त्या काळातील श्रवण हे संचाभोवती जमलेल्या मंडळींचे होते. एकट्याचे संगीतश्रवण पुन्हा रुजले ते 1958 मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन आणल्यानंतर.

सामान्य हेडफोनमध्ये पडद्याच्या मध्यभागी कॉइल असते. प्लॅनरमध्ये वाहक पट्टी पातळ पडद्यावर सर्वत्र पसरलेली असते व चुंबकांच्या रांगा संपूर्ण पडदा हलवितात. यामाहाने 1976 मध्ये आणलेला एचपी-1 याच जातीचा. मात्र आजच्या समजुतीचे मूळ हायफायमॅनच्या 2010 च्या सुमाराच्या एचई-6 मध्ये शोधावे लागते. त्याची संवेदनशीलता दर मिलिवॅटला अवघी 83.5 डेसिबल होती. 110 डेसिबलचे शिखर गाठण्यास त्याला सुमारे 450 मिलिवॅट लागत. कित्येकांनी तर तो थेट स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडला. किंमत हजार डॉलरहून अधिक असल्याने त्याचा ग्राहक असा खर्च सोसू शकत होता.

2021 मध्ये त्याच कंपनीचा एचई400एसई 149 डॉलरला आला. त्याची 91 डेसिबल ही संवेदनशीलता दर मिलिवॅटला धरल्यास तेवढ्याच शिखरासाठी सुमारे 80 मिलिवॅट पुरतात. 32 ओहमला हे 1.6 व्होल्ट व 50 मिलिॲम्पिअर होतात. एक व्होल्ट देणारा साधा डॉंगलही 106 डेसिबलपर्यंत जातो, आणि इतक्या पातळीवर दीर्घकाळ ऐकणे कानाला घातकच. कारण सरले, समजूत मात्र उरली.

ॲम्प्लिफायर निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. हळू पातळीवर ध्वनिमुद्रित झालेला ख्याल ऐकताना किंवा खर्ज 6 डेसिबलने वाढविताना चौपट शक्ती लागते. तेथे तो उपयोगी पडतो. परंतु 300 ओहमच्या हेडफोनसाठी व्होल्ट महत्त्वाचे असतात, तर येथे प्रवाह पाहावा. शिवाय प्लॅनरचा इम्पिडन्स सर्व कंप्रतांना जवळजवळ सारखाच राहत असल्याने ॲम्प्लिफायर बदलून स्वरांचा तोल फारसा बदलत नाही. तेव्हा मर्यादित रकमेचा मोठा वाटा हेडफोनवरच खर्चावा, हे अधिक युक्त होय.

पुंडलिकनगरातील घरात खरी अडचण निराळीच संभवते. स्वस्त प्लॅनर बहुधा खुल्या पाठीचे असतात. पंख्याची घरघर व रस्त्यावरचे भोंगे आत येतात, गाणे शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलाला ऐकू जाते, आणि कोणत्याही किमतीच्या ॲम्प्लिफायरपाशी त्याला उपाय नाही.