माऊस आणि वाकडे अंगण

गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने संगणकावरच्या खेळांसाठी म्हणून खास माऊस मागून घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत आकडे होते: 26,000 डीपीआय, 1000 हर्ट्झ, वजन 60 ग्रॅम. दोन दिवसांनी त्याची तक्रार आली, ‘‘मामा, यापेक्षा जुना बरा होता. हा हातात थांबतच नाही.’’ त्याच्या आईने लगेच निकाल दिला, ‘‘नाचता येईना, अंगण वाकडे!’’

ही म्हण आपण शाळेतही किती सहज वापरतो! रेघ वाकडी आली तर मुलाचा हात वाईट, प्रयोग फसला तर मुलीचे लक्ष नाही. पण एखाद्या वेळी अंगण खरेच वाकडे असेल तर? दोष नाचणाऱ्याचा की अंगणाचा, हे ठरवायचे कसे? माऊसचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. म्हणून तो थोडा मागून, माऊस जन्मायच्याही आधीपासून पाहू या.

वैमानिकांच्या चुका

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची अनेक विमाने शत्रूशी न लढताच, चढता-उतरताना मोडली. चौकशीच्या कागदांवर कारण लिहिले जाई, ‘वैमानिकाची चूक’. पॉल फिट्स हे मानसशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकी हवाई दलासाठी काम करत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनाच विचारले, की विमानातले दांडे आणि खटके वापरताना तुमच्या हातून किंवा तुमच्या देखत काय काय चुका झाल्या? असे 460 अनुभव गोळा करून त्यांनी 1947 मध्ये त्यांची छाननी मांडली. त्यात निम्मे अनुभव एकाच जातीचे निघाले: ओढायचा होता एक दांडा, ओढला गेला दुसराच. कारण दोन दांडे शेजारी, दिसायला सारखे आणि हातालाही सारखेच लागणारे. शिवाय एका विमानात ज्या जागी एक दांडा, दुसऱ्या विमानात त्याच जागी भलताच.

एकट्याचा अनुभव ही तक्रार ठरते. असे 460 अनुभव वर्गवारी करून मांडले की तो पुरावा होतो. अंगण वाकडे होते, आणि ते नाचणाऱ्यांना विचारूनच कळले.

याच फिट्स यांनी 1954 मध्ये एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या. हातात धातूची लेखणी. या पट्टीवर टेकवा, त्या पट्टीवर टेकवा, असे जमेल तितक्या वेगाने, पण न चुकता करत राहायचे. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातले अंतर बदलत जायचे. निष्कर्ष असा, की लागणारा वेळ अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अंतराच्या दुपटीला पट्टीच्या रुंदीने भागा आणि येणारी संख्या 2 चा कितवा घात आहे ते पाहा. 8 इंच अंतर आणि 1 इंच रुंदी असेल तर 16, म्हणजे 2 चा चौथा घात; अवघडपणा 4. रुंदी अर्धा इंच केली तर अवघडपणा 5. रुंदी तीच ठेवून अंतर 16 इंच केले तरीही 5. आणि अवघडपणा एकेने वाढला की वेळ दर वेळी साधारण सारखाच वाढतो. वर्गात लॉगॅरिथम शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ असे मुलांनी विचारले, तर त्यांच्या स्वतःच्या हातातच एक लॉगॅरिथम दडलेला आहे, हे उत्तर आपल्याला देता येईल.

लाकडी खोके आणि गुडघ्याचा दांडा

संगणकाच्या पडद्यावर हव्या त्या ठिकाणी बोट कसे ठेवायचे, हा प्रश्न 1960 च्या दशकात पुढे आला. कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांचा गट यावर काम करत होता. नकाशावरच्या वाकड्यातिकड्या आकृतीवरून फिरवून तिचे क्षेत्रफळ काढण्याचे प्लॅनिमीटर नावाचे जुने साधन असते. त्याच्या फिरत्या चाकावरून एंगलबार्टना कल्पना सुचली, की एकमेकांशी काटकोनात दोन चाके बसवली तर एक आडवी हालचाल मोजेल आणि दुसरे उभी. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये तसे लाकडी खोके बनवले. वर एक बटण, मागे शेपटीसारखी तार. यावरूनच त्याला ‘माऊस’ म्हणू लागले.

इथे बहुतेक शोधकथा संपतात. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते याच्या पुढचे. या गटाने आपलेच बाळ गुणाचे असे न म्हणता त्याची परीक्षा घेतली, आणि तीही प्रतिस्पर्ध्यांसोबत. पडद्याला टेकवायचा प्रकाश-पेन होता, जॉयस्टिक होती, आणि टेबलाखाली बसवलेला, गुडघ्याने हलवायचा एक दांडाही होता! माणसाने आधी कळफलकावरची लांब पट्टी दाबायची, मग हात त्या साधनाकडे न्यायचा, आणि मग पडद्यावरचे अक्षर गाठायचे. या सगळ्याचा वेळ मोजला जाई.

1967 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस सरस ठरला. पण ज्यांनी यातले काहीच कधी वापरले नव्हते, त्यांना प्रकाश-पेन आणि गुडघ्याचा दांडा अधिक जमला. गुडघ्याला हात कळफलकावरून उचलावाच लागत नाही, हा त्याचा फायदा. म्हणजे ‘कोणते साधन चांगले?’ या प्रश्नाला ‘कोणासाठी?’ हा उपप्रश्न जोडावाच लागतो. त्या गटाने आणखी एक प्रामाणिक गोष्ट लिहून ठेवली, ती अशी, की केवळ वेग आणि अचूकपणा यांतल्या फरकावर निवड ठरत नाही. हाताला दुसरी कोणती कामे आहेत, साधन चटकन पकडीत येते का आणि त्या बसण्याने हात किती दमतो, याला जास्त महत्त्व आहे.

अकरा वर्षांनी, 1978 मध्ये, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी ही परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी वेळेचे दोन भाग केले: हात साधनापर्यंत नेण्याचा आणि खूण जागेवर नेण्याचा. बाणांच्या कळांपर्यंत हात न्यायला 0.21 सेकंद पुरे होते, माऊसपर्यंत मात्र 0.36 सेकंद लागत. एवढेच पाहिले तर माऊस हरला. पण एकूण वेळ पाहिला तर माऊसला 1.66 सेकंद, जॉयस्टिकला 1.83, आणि बाणांच्या कळांना 2.51. चुकांचे प्रमाणही माऊसचेच सर्वांत कमी, शंभरात 5. बाणांच्या कळांचे 13. आणि माऊसचे आकडे फिट्स यांच्या नियमात जवळजवळ नुसत्या हातासारखेच बसले. याचा अर्थ असा, की माऊसमुळे हाताला फारसा अडथळा होत नाही. मर्यादा येते ती माऊसची नव्हे, आपल्या हाताची. झेरॉक्सने 1981 मध्ये ‘स्टार’ हा संगणक माऊससह बाजारात आणला, आणि 1984 च्या मॅकिंटॉशने तो घराघरांत नेला.

आमच्या हातून झालेला अन्याय

तोवर माऊसच्या पोटातल्या चाकांची जागा रबरी गोळीने घेतली होती. ही गोळी दोन बारीक रुळांना घासून फिरवी. आमचे एम.एस्सी.चे शिक्षण 2001 च्या सुमारास चालू होते तेव्हा विभागात असेच माऊस होते. आमच्यासोबत खेड्यातून आलेली एक मुलगी होती, संगणक तिने प्रथमच पाहिलेला. तिचा बाण पडद्यावर अडखळायचा, मधेच उडी मारायचा. आम्ही दोनतीनदा मोठ्या ऐटीत सांगितले, ‘‘हात स्थिर ठेव.’’ ती गप्प राही. एके दिवशी ती आली नव्हती आणि तिच्या जागेवर आम्ही बसलो. बाण तसाच अडखळला. माऊस उलटा करून गोळी काढली, तर रुळांवर धूळ आणि घामाचे काळे कडे घट्ट बसलेले. नखाने खरवडले आणि बाण सरळ चालू लागला. मुलगी नवखी होती हे खरे, पण तिला मिळालेले अंगणही वाकडे होते, आणि ती नवखी असल्यामुळेच तिचे म्हणणे कोणी विचारले नाही. हे तिला सांगायला आम्हाला आणखी आठवडा लागला, त्याची लाज अजून वाटते.

आकडे खोक्यावरचे आणि हातातले

1999 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी खास खेळाडूंसाठी म्हणून रेझर कंपनीचा ‘बूमस्लँग’ हा माऊस आला. गोळीचाच, पण 2000 डीपीआयचा. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने गोळी नसलेला प्रकाशीय माऊस आणला. त्याच्या पोटात एक छोटा दिवा आणि एक छोटा कॅमेरा असतो. टेबलाच्या खरखरीतपणाचे चित्र तो सतत घेत राहतो आणि आधीचे चित्र नंतरच्या चित्रात किती सरकलेले दिसते यावरून हालचाल ओळखतो. रुळांवरच्या मळाचा प्रश्न कायमचा मिटला.

पण खेळाडू वेगळेच सांगू लागले: हात जोरात झटकला की खेळातली नजर भलतीकडेच जाते. ही बहाणेबाजी होती का? हिशेब करून पाहू. त्या काळच्या संवेदकाचे चित्र 16 गुणिले 16 ठिपक्यांचे आणि टेबलाच्या जेमतेम मिलिमीटरभर भागाचे असे. सेकंदाला चित्रे सुमारे 1500. हात सेकंदाला 1 मीटर वेगाने झटकला तर दोन चित्रांच्या मधल्या काळात माऊस सुमारे 0.67 मिलिमीटर सरकतो. म्हणजे दोन चित्रांत सामाईक भाग फक्त एकतृतीयांश उरतो. मग माऊसने ओळखायचे कशावरून? खेळाडूंचे बरोबर होते. पुढच्या संवेदकांनी चित्रांची संख्या कित्येक पटींनी वाढवली, ती अशा अनुभवांना उत्तर म्हणूनच.

मात्र प्रत्येक आकडा वाढवणे हे उत्तर नसते. डीपीआय म्हणजे माऊस इंचभर सरकला तर संगणकाला किती टप्पे कळवतो ती संख्या. एका टप्प्याला पडद्यावरचा एक ठिपका असे धरू. पडद्याची रुंदी 1920 ठिपके असेल तर 400 डीपीआयला हात सुमारे 12 सेंटिमीटर हलवावा लागतो. भाच्याच्या 26,000 ला दोन मिलिमीटरसुद्धा नाही! बोट किंचित हलले तरी बाण भलतीकडे जातो. म्हणूनच स्पर्धांत उतरणारे बहुतेक खेळाडू 400 ते 1600 च्या आसपास राहतात. तीच गोष्ट हर्ट्झची. जुना माऊस सेकंदाला 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी आपली जागा कळवी. नवा दर मिलिसेकंदाला कळवतो. लाभ खरा आहे, पण दिसल्यावर बोट दाबायला माणसाला सुमारे 200 मिलिसेकंद लागतात, त्याशेजारी तो ठेवून पाहावा. आणि वजन? फिट्स यांनी 1954 मध्येच 28 ग्रॅमची आणि सुमारे 450 ग्रॅमची अशा दोन लेखण्या वापरल्या होत्या. सोळापट जड लेखणीने वेळ वाढला, पण थोडाच. हलका माऊस तासन्‌तास खेळताना कमी दमवतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी घ्यावी लागेल.

आम्ही भाच्याच्या माऊसचा डीपीआय 800 वर आणला. अर्ध्या तासाने तो म्हणाला, ‘‘आता थांबतो.’’ आईचेही चुकले होते आणि खोक्याचेही. दोष हाताचा नव्हता, माऊसचाही नव्हता. दोघांचा मेळ बसला नव्हता.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. कागदावर 8 सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या पट्ट्या आखा, प्रत्येकी 2 सेंटिमीटर रुंद. अंतर पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. दुसऱ्या कागदावर अंतर तेच, रुंदी 1 सेंटिमीटर. तिसऱ्यावर अर्धा सेंटिमीटर. मुलांच्या जोड्या करा. एकाने पेन्सिलीने आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांत ठिपके द्यायचे, दुसऱ्याने 15 सेकंद मोजायचे. 15 ला ठिपक्यांच्या संख्येने भागले की एका ठिपक्याचा वेळ मिळतो. पट्टीबाहेर पडलेले ठिपके वेगळे मोजा. अवघडपणा अनुक्रमे 3, 4 आणि 5 येईल. वेळेचा आलेख काढा. मग हेच डाव्या हाताने, बोथट पेन्सिलीने, डगमगत्या बाकावर करून पाहा.

डगमगत्या बाकावरचे आकडे नक्की लिहून ठेवा. पुढच्या वेळी एखादे मूल म्हणाले, ‘‘बाई, माझ्याकडून होत नाहीये,’’ तर त्याच्या हाताकडे पाहण्याआधी त्याला त्या जागेवरून उठवून आपण स्वतः तिथे बसून पाहू.