बीपीच्या गोळीचे कूळ

कुर्डुवाडीतल्या मेडिकलमधून महिन्याच्या महिन्याला घरोघर जाणाऱ्या बीपीच्या गोळ्यांत एनालाप्रिल, रामिप्रिल अशी नावे असतात. या ‘प्रिल’ घराण्याची जन्मकथा बहुधा ब्राझीलच्या एका विषारी सापापासून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण मधूनच सुरू होते. या गोळ्यांचे कूळ मूत्रपिंडात आहे, आणि ते उलगडण्यात सर्वांत मोठा वाटा लेनर्ड स्केग्ज या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क टोचला की रक्तदाब चढतो, हे स्टॉकहोमच्या टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या अर्कातल्या द्रव्याला ‘रेनिन’ म्हटले. पुढे कित्येक वर्षे या शोधाला फारसे कोणी विचारले नाही. 1934 मध्ये क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमटीने आवळून रक्तदाब वाढवून दाखवला, तेव्हा रेनिनची आठवण झाली. 1940 च्या सुमारास ब्यूनस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की रेनिन स्वतः रक्तदाब वाढवत नाही. ते रक्तातले एक प्रथिन तोडते आणि त्यातून दाब वाढवणारे द्रव्य निघते. त्यालाच आज अँजिओटेन्सिन म्हणतात. मात्र हे द्रव्य एक नसून दोन आहेत, हे स्केग्ज आणि त्यांच्या क्लीव्हलंडमधल्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये ओळखले. पहिले दहा अमिनो आम्लांचे आणि जवळजवळ निष्क्रिय. त्यातली दोन गळाली की उरते ते आठांचे, रक्तवाहिन्या आवळणारे. हा बदल घडवणारे विकर त्यांनी 1956 मध्ये वेगळे काढले. कुर्डुवाडीकरांना याचे महत्त्व चटकन कळेल. मोठ्या लाइनने आलेला बार्शीचा माल इथे उतरवून बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज डब्यांत भरावा लागे. ती अदलाबदल थांबली असती तर पुढे काहीच पोचले नसते. रक्तदाब अडवण्याची अशीच एक नेमकी जागा स्केग्ज यांनी दाखवून दिली.

यावर पहिला आक्षेप असा की विकर सापडले तरी औषध कुठे मिळाले? ते विषानेच दिले. सर्जिओ फेरेरा यांनी 1965 मध्ये जराराका सापाच्या विषातले द्रव्य वर्णिले हे खरे, पण त्यांचा शोध ब्रॅडिकिनिन या वेगळ्याच द्रव्याच्या संदर्भातला होता. ते द्रव्य लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत पोचले, आणि तिथे वाय. एस. बखले यांनी 1968 मध्ये दाखवले की विषातले हे द्रव्य कुत्र्याच्या फुप्फुसातले तेच विकर रोखते. विकर आधी ठाऊक नसते, तर बखले यांनी विष कशावर तपासले असते? शिवाय विषातून मिळालेले टेप्रोटाइड टोचूनच द्यावे लागे. गोळी आली ती स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेटी यांनी विकराच्या गाभ्यातल्या जस्ताला धरून बसेल असा छोटा रेणू बेतल्यावर. ते कॅप्टोप्रिल, अमेरिकेत त्याला 1981 मध्ये परवानगी मिळाली. विषाने वाट सुचवली, पण रेणूचा साचा विकराच्या गाभ्याबद्दलच्या अंदाजावरून ठरला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खुद्द स्केग्ज यांना 1957 मध्ये रेनिनलाच रोखणे जास्त आशादायक वाटत होते. तो अंदाज चुकला. रेनिन रोखणारे अलिस्किरेन बाजारात यायला 2007 उजाडले. पण कुठे कुठे अडवता येईल याचा नकाशा त्यांचाच होता. आणि त्यांचे काम तेवढ्यावर थांबत नाही. 1948 मध्ये जॅक लेनर्ड्स यांच्यासह त्यांनी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. रक्ताचे नमुने एकामागून एक आपोआप तपासणारे ऑटोअॅनालायझर हे यंत्रही त्यांचेच. 1957 मध्ये ते टेक्निकॉन कंपनीने बाजारात आणले. त्यावरच्या पहिल्या तपासण्यांत रक्तातला युरिया होता, म्हणजे पुन्हा मूत्रपिंडच. डायलिसिस, लॅबचा रिपोर्ट आणि गोळी या तिन्ही वाटांवर हा एकच माणूस भेटतो, तरी आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

1993 मध्ये कॅप्टोप्रिलने मधुमेहींच्या मूत्रपिंडाची झीज मंदावते, हेही एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. गोळीचा असा थेट संबंध मूत्रपिंडाशी असल्याने ‘प्रिल’ गोळी चालू असलेल्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वेळोवेळी तपासून घ्यावे. कोरडा खोकला लागला किंवा दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगावे, आणि बीपी उतरले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.