तिकिटावर लढलेली हमीदा बानो

2024 च्या 4 मे रोजी गूगलने आपल्या पानावर एका पहेलवान बाईचं चित्र लावलं. दिवसभर आमच्या ऊर्जानगरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरत होतं आणि सोबत एकच ओळ होती: मला कुस्तीत हरवा, मी तुमच्याशी लग्न करेन. वीज केंद्राच्या वसाहतीतली मंडळी हसली, कुणी ‘माशाअल्लाह’ लिहिलं, संध्याकाळपर्यंत विषय संपला.

हमीदा बानोबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक या एका ओळीभोवतीच. मला ती ओळ जाहिरात वाटते, आणि जाहिरात म्हणून ती फार हुशारीची होती. बाईने पैसे घेऊन, तिकीट लावून, जाहीर आव्हान देऊन लढायचं, या गोष्टीचा इतिहास लिहिताना जग अमेरिकेच्या बॉक्सिंगपासून सुरुवात करतं. क्रिस्टी मार्टिन, लैला अली ही नावं पहिल्यांदा येतात. त्यांच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी मुंबईत, कोल्हापुरात, बडोद्यात एक मुसलमान बाई हाच धंदा करत होती. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ती हौशी खेळाडू नव्हती. तिच्या मागे संघटना नव्हती, पदक नव्हतं, सरकारी नोकरी नव्हती. गर्दी आली तर पैसे, नाहीतर नाही.

हमीदा मूळची मिर्झापूरची, पहेलवानांच्या घरातली. तिथून अलीगढला सलाम पहेलवानांकडे ती शिकायला गेली. तालीम, उस्ताद, दंगल, पहेलवान हे सगळे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. हनुमानाच्या तसबिरीखाली ‘या अली’ म्हणत शड्डू ठोकणारे मल्ल आपल्या आजोबांनी पाहिलेले आहेत. आखाड्यात धर्माची अडचण कमीच होती. बाईची होती.

1944 साली मुंबईत तिची गूंगा पहेलवानाशी कुस्ती ठरली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या बातमीप्रमाणे स्टेडियमवर वीस हजारांच्या आसपास माणसं जमली. ऐन वेळी गूंगाने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. एका बाईची कुस्ती बघायला मिळाली नाही म्हणून मुंबईकर खुर्च्या फोडतात, यावरून तिची किंमत काय होती ते कळतं.

1954 च्या फेब्रुवारीत तिने ते लग्नाचं आव्हान दिलं. पाटियाळ्याचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन पुरुष मल्ल हरले. मे महिन्यात ती बडोद्यात आली. महाराजांच्या आश्रयातल्या छोटे गामा पहेलवानाने बाईशी लढणार नाही म्हणून अंग काढून घेतलं. मग बाबा पहेलवान उतरला आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत झाला. याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्तिलिन या रशियन मल्ल बाईला मिनिटभराच्या आत हरवलं.

वर्तमानपत्रांना तिच्या कुस्तीपेक्षा तिच्या जेवणात रस जास्त. उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. रोज साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, अर्धा किलो लोणी, बदाम, दोन प्लेट बिर्याणी. हे सगळं छापून आलं. रोज सहा तास मेहनत करते हेही छापून आलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांची, खासबागेची कुस्तीनगरी. तिथे हमीदाने शोभासिंग पंजाबीला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड फेकले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही. तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात, अशा आयोजकांविरुद्ध तक्रारी आहेत.

कुस्त्या ठरवून केलेल्या होत्या का, हा प्रश्न लोक आजही विचारतात, आणि तो विचारायला हरकत नाही. तिकिटाच्या कुस्तीत सोडवून घेतलेल्या जोडी पुरुषांच्याही असत. पण पुरुषांच्या तशा कुस्त्यांमुळे पुरुषांची कुस्ती बंद झाली नाही. इथे आयोजकाचा दोष होता आणि मैदान बंद झालं ते बाईचं. शिवाय नकली मल्लावरचा खरा उपाय म्हणजे अस्सल मल्ल समोर आणणं, आणि छोटे गामा तर मैदान सोडून गेला होता.

बंद दाराचा हा प्रकार बॉक्सिंगमध्येही झाला. न्यूयॉर्क राज्यात बायकांना व्यावसायिक लढतींचा परवानाच मिळत नसे. कॅथी डेव्हिस, जॅकी टोनावांडा आणि मॅरियन ‘लेडी टायगर’ ट्रिमिअर यांना तो 1978 मध्ये, भांडून मिळाला. परवाना मिळाला तरी पैसे मिळेनात, म्हणून याच ट्रिमिअरने 1987 मध्ये महिनाभर उपोषण केलं. लैला अलीला परवान्यासाठी भांडावं लागलं नाही, पण बाप मुहम्मद अली असूनही पहिला विरोध घरातूनच झाला. ती चोवीस लढती लढली, चोवीसही जिंकली. 2001 मध्ये जो फ्रेझरच्या मुलीला, जॅकी फ्रेझर-लाइडला, तिने हरवलं ती लढत बघायला लोकांनी टीव्हीवर वेगळे पैसे मोजले.

माझ्या मते या सगळ्या बायकांना खरा धोका समोरच्या खेळाडूकडून नव्हता, आपल्याच कोपऱ्यातल्या माणसाकडून होता. संघटना नसते तिथे उस्तादच व्यवस्थापक असतो, खजिनदार असतो, बऱ्याचदा नवराही असतो. हमीदाने 1954 मध्ये युरोपात जाऊन लढणार असं जाहीर केलं आणि त्यानंतर ती बातम्यांतून नाहीशी झाली. तिच्या दत्तक मुलाच्या मुलाने बीबीसीला सांगितलं की तिने युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहेलवानांनी तिला मारलं, हात मोडले. पुढे कित्येक वर्षं ती काठीशिवाय नीट चालू शकत नव्हती. सलाम पहेलवानांच्या मुलीचं म्हणणं वेगळं. तिच्या म्हणण्याप्रमाणे हमीदाशी त्यांचा निकाह झाला होता. नातू निकाहच मान्य करत नाही.

दोघांचं म्हणणं मी समोर ठेवतो, पण क्रिस्टी मार्टिनचं आयुष्य वाचल्यावर नातवाचं बोलणं मला अशक्य वाटत नाही. 1996 च्या मार्चमध्ये लास वेगासला, माइक टायसनच्या लढतीआधी, नाकातून रक्त वाहत असताना तिने डेअर्डर गोगार्टीला हरवलं आणि बायकांचं बॉक्सिंग अमेरिकेच्या घराघरांत गेलं. तिचा प्रशिक्षक हाच तिचा नवरा. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ती त्याला सोडून जायला निघाली, तेव्हा त्याने तिला चाकूने भोसकलं आणि गोळी घातली. ती कशीबशी रस्त्यापर्यंत गेली, जाणाऱ्या एका मोटारवाल्याने दवाखान्यात पोचवलं, म्हणून वाचली. 2012 मध्ये नवऱ्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. क्रिस्टीच्या बाबतीत कोर्ट होतं, साक्षी होत्या, निकाल आहे. हमीदासाठी यातलं काहीच नव्हतं.

हमीदाने पुढचं आयुष्य मुंबईजवळ कल्याणला काढलं. सलाम अलीगढला परतले, ती इथेच राहिली. म्हशी होत्या, दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या. पैसे आटले तेव्हा रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले. 1986 मध्ये तिचा इंतकाल झाला.

आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर नागपूर आहे. तिथल्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे युवा जागतिक बॉक्सिंगचं सुवर्ण घेतलं आणि 2022 मध्ये अम्मानला आशियाई विजेतेपद. वडील पोलीस खात्यात. तिला दगड खावे लागले नाहीत, नकली मल्लाचा आरोप नाही. मागे संघटना आहे, पंच आहेत, गुणांचा हिशेब आहे. इथले लोक तिचा फोटो फिरवताना लग्नाचा विषय काढत नाहीत, हा फरक लहान नाही. अडचण वेगळीच आहे. ही पदकं तिने 81 किलोच्या वरच्या गटात घेतली, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग 75 किलोलाच थांबतं. एवढ्या वजनाला जागा आहे ती व्यावसायिक रिंगमध्ये. क्लॅरेसा शील्ड्स 2024 मध्ये तिथेच हेवीवेट विजेती झाली. आपल्या देशात मात्र त्या वजनाच्या बाईची लढत तिकीट काढून बघायला अजून कुणी बोलावत नाही.