कलाशिक्षणक्रम, महाराष्ट्रातील
चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला व अभिकल्प यांपैकी कोणता अभ्यासक्रम निवडावा, हा कलाविद्यार्थ्यापुढील प्रश्न अर्वाचीन आहे. या शाखांची फारकत होण्यापूर्वीची स्थिती वेरूळ (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद) येथील लेण्यांत दिसते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७७३) याच्या काळातील कैलास लेण्यात (क्र. १६) वास्तुरचना, मूर्तिकाम, नक्षी व रंगकाम एकाच योजनेत गुंफलेले आहे. हे मंदिर अखंड खडकात वरून खाली कोरीत आणलेले असल्याने एकदा तोडलेला दगड पुन्हा बसविणे शक्य नव्हते. त्यामुळे आराखड्याचे ज्ञान व छिन्नीचे कौशल्य यांची सांगड अपरिहार्य होती. हे मंदिर पाहून ते घडविणाऱ्या शिल्पकारासही विस्मय वाटला, असे वर्णन ८१२ च्या बडोदे ताम्रपटात आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस रेखाटन हा शिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने पुण्यात चित्रशाळा काढली. तेथे जेम्स वेल्स (१७४७–९५) हा स्कॉटिश चित्रकार यथादर्शन पद्धती शिकवी. या शाळेशी संबंधित गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाचित्रे काढली. वेल्सच्या चित्रांवरून टॉमस डॅन्येलने केलेला वेरूळचा चित्रसंच १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा मात्र अल्पजीवी ठरली.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स, लॉकवुड किपलिंग व हिगिन्झ यांच्याकडे अनुक्रमे सजावटी चित्रण, मूर्तिकाम व धातुकाम हे विभाग आले. ग्रिफिथ्सने १८७२–८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. हस्तव्यवसायांसाठी १८९१ मध्ये लॉर्ड रे कर्मशाळा निघाल्या. १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. १९५८ मध्ये ललित कला, उपयोजित कला व वास्तुकला यांच्या तीन स्वतंत्र संस्था झाल्या. औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत १९६९ पासून मिळू लागले.

मुंबईखेरीज नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. ललित कलेच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र निर्मितीवर, उपयोजित कलेत जाहिरात, मुद्रण व संदेशवहनावर, तर अभिकल्पात वस्तूची उपयुक्तता व उत्पादन यांवर भर असतो. मात्र शाखेच्या नावावरून शिक्षणाचे स्वरूप पूर्णपणे कळत नाही. कर्मशाळेतील प्रत्यक्ष कामाचे तास, माध्यमांची विविधता व जागेवर जाऊन केलेला अभ्यास यांवर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगरपासून सु. ३० किमी. वरील वेरूळ या दृष्टीने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना सहज उपलब्ध आहे. तेथील अपूर्ण लेण्यांत छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात, व त्यांवरून आराखडा आणि हस्तकौशल्य यांचा परस्परसंबंध अभ्यासता येतो.