आर्मेनियन मोहल्ल्यांतून एक फेरी

मुंबईच्या फोर्ट भागात नगीनदास मास्टर रोड आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून मेडोज स्ट्रीट. बँका, वकिलांची ऑफिसं, झेरॉक्सची दुकानं आणि दुपारच्या गर्दीत सँडविच खाणारे कारकून, असा तो रस्ता. त्याच रस्त्यावर सेंट पीटर आर्मेनियन चर्च उभं आहे. त्याची मूळ बांधणी १७९६ ची आणि विसाव्या शतकात ते नव्याने बांधलं गेलं. शेजारच्या इमारतीचं नाव ‘अरारत’. रोज हजारो माणसं ही पाटी वाचून पुढे जातात. हे नाव मुंबईत कुठून आलं, हा प्रश्न थोड्यांनाच पडत असेल.

अरारत हा आर्मेनियन लोकांचा पवित्र डोंगर. हजरत नूह यांची किश्ती तिथे थांबली, असं ख्रिस्ती परंपरा मानते. आपल्या कुरआनात त्या जागेचं नाव ‘जूदी’ आहे. आज हे दोन्ही डोंगर तुर्कस्तानच्या हद्दीत येतात. म्हणजे आर्मेनियन माणूस आपल्या राजधानीतून, येरेवानमधून, अरारत रोज पाहतो, पण तो डोंगर त्याच्या देशात नाही. ज्यांचा डोंगर परक्या हद्दीत आहे, त्यांनी त्याचं नाव फोर्टमधल्या एका इमारतीला दिलं. या लोकांची ओळख करून घ्यायला एवढी एक पाटीही पुरेशी सुरुवात आहे.

आज लेखातूनच त्यांच्या वारशाची एक फेरी मारू. मुंबईहून सुरत, मग आपल्या जवळचं हैदराबाद, पुढे दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि शेवटी त्यांचे सण.

व्यापारी आले कुठून?

आर्मेनिया हा काकेशसमधला डोंगराळ मुलूख. इ.स. ३०१ मध्ये तिथल्या राजाने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला, असं परंपरा सांगते. इ.स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स नावाच्या धर्मगुरूंनी आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची स्वतंत्र लिपी तयार केली. भाषा शिकवणं हाच माझा पेशा असल्याने मला या समाजाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा प्रसंग वाटतो. राज्यं येत-जात राहिली. कधी रोमन, कधी इराणी, कधी अरब, कधी तुर्क. लिपी मात्र त्यांच्याकडेच राहिली.

१६०४-०५ मध्ये इराणचा बादशहा शाह अब्बास याने अराक्स नदीकाठच्या जुल्फा गावातले आर्मेनियन उठवून इस्फहानजवळ नेले. हे स्थलांतर सक्तीचं होतं. वाटेत पुष्कळ माणसं मेली. पण इस्फहानजवळ वसलेल्या ‘नव्या जुल्फा’तून हीच मंडळी पुढे अर्ध्या जगाचे व्यापारी झाली. रेशीम, नीळ, कापड, जवाहीर घेऊन ते एकीकडे ॲम्स्टरडॅमपर्यंत आणि दुसरीकडे मनिलापर्यंत जात. होवान्नेस नावाच्या एका जुल्फाकर व्यापाऱ्याची हिशेबवही आजही उपलब्ध आहे. तो १६८२ मध्ये निघाला, सुरत-आग्रा करत थेट तिबेटच्या ल्हासाला पोहोचला आणि तिथे सुमारे पाच वर्षं राहिला. वहीत रोजचा जमाखर्च आहे. सुलतानांच्या फर्मानातून न कळणारा हिंदुस्थान अशा वह्यांतून कळतो.

सुरत हे त्यांचं पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं ठाणं. तिथे कतारगाम दरवाज्याजवळ डच आणि आर्मेनियन कबरी आजही आहेत. मराठी वाचकाला सुरत म्हटलं की १६६४ आठवतं. त्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा शहरात इथिओपियाच्या बादशहाची एक वकिलात उतरलेली होती. ती औरंगजेबाच्या दरबाराकडे निघाली होती. दोन वकिलांपैकी एक मुसलमान व्यापारी होता आणि दुसरा आर्मेनियन, त्याचं नाव खोजा मुराद. फ्रेंच प्रवासी बर्नियर याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. वकिलांचा बहुतेक ऐवज त्या धामधुमीत गेला. हाती उरलेल्या वस्तूंत पट्टेदार खेचराचं, म्हणजे झेब्र्याचं, कातडं आणि एक भलंमोठं बैलाचं शिंग होतं. हबशी बादशहाचा वकील आर्मेनियन ख्रिस्ती, त्याचा सोबती मुसलमान, जायचं दिल्लीला आणि वाटेत गाठ मराठ्यांशी! सतराव्या शतकातलं जग आपल्या शालेय पुस्तकाइतकं कप्पेबंद नव्हतं, हे इथे दिसतं.

दख्खन आणि दिल्ली

आमच्या केळापूर तालुक्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. दवाखाना, खरेदी, सोयरीक अशा कामांसाठी इथली अनेक मुस्लिम कुटुंबं हैदराबादला जातात. चारमिनार, मक्का मस्जिद, बिर्याणी हा त्यांचा ठरलेला क्रम. त्याच शहरात उप्पुगुडा भागात सतराव्या शतकातल्या डच आणि आर्मेनियन कबरी आहेत. दगडांवर आर्मेनियन लिपीतले लेख आहेत. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत हिरे आणि कापडाचा व्यापार करायला आलेल्या माणसांची ही शेवटची जागा. एका शिया मुसलमान राजवटीने त्यांना व्यापार करू दिला आणि त्यांच्या रीतीने माती द्यायला जमीनही दिली.

याच हैदराबादेत १६४७ च्या सुमारास ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ या ग्रंथाच्या लेखकाची सरमदशी भेट झाली होती. सरमद मूळचा इराणातल्या काशानचा. तो यहुदी घराण्यातला होता की आर्मेनियन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो व्यापारी म्हणून सिंधमध्ये आला, फकीर झाला, फारसी रुबाया लिहू लागला आणि पुढे दाराशिकोहच्या जवळचा झाला. औरंगजेबाच्या काळात त्याला मृत्युदंड दिला गेला. दिल्लीच्या जामा मस्जिदीच्या पायऱ्यांजवळ त्याची लाल रंगाची मजार आहे. मौलाना आझादांनी तरुणपणी सरमदवर एक दीर्घ लेख लिहिला होता, यावरून या फकिराचं आपल्या वैचारिक परंपरेतलं स्थान लक्षात यावं.

मोगल दरबारातलं आणखी एक नाव मिर्झा जुल्करनैन. त्याचे वडील आर्मेनियन. तो अकबराच्या महालात वाढला आणि पुढे सांभरच्या मिठागरांचा कारभारी झाला. तो हिंदी पदं चांगली रचतो, अशी नोंद खुद्द जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. तो शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिला. शाहजहानच्या काळात त्याला त्यासाठी त्रासही सोसावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

चर्च, शाळा, छापखाना

१६८८ मध्ये लंडनमध्ये खोजा पानोस कलंदर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात एक करार झाला. कंपनीच्या ज्या ठाण्यात ४० किंवा अधिक आर्मेनियन राहतील, तिथे त्यांना चर्चसाठी जागा मिळेल आणि सात वर्षं पाद्रीच्या खर्चासाठी दरसाल ५० पौंड मिळतील, असं त्यात ठरलं. ते कंपनीच्या उपयोगी पडले हे उघड आहे. १७१५ मध्ये फर्रुखसियरच्या दरबारात गेलेल्या इंग्रज वकिलातीत खोजा इस्राएल सरहद हा आर्मेनियन होता. पण त्याच समाजातला गुर्गिन खान हा बंगालचा नवाब मीर कासिम याचा सेनापती होता आणि इंग्रजांशी लढायला त्याने नवाबाची फौज उभी केली. एका कौमवर एकच शिक्का मारता येत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

चेन्नईत १७९४ मध्ये हारुत्यून श्मावोनियान या धर्मगुरूंनी ‘अझदारार’ नावाचं मासिक सुरू केलं. आर्मेनियन भाषेतलं हे जगातलं पहिलं नियतकालिक. ते येरेवानमध्ये किंवा इस्तंबूलमध्ये नव्हे, मद्रासमध्ये निघालं. स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा मसुदाही मद्रासच्याच आर्मेनियन छापखान्यात छापला गेला. देश हातात नव्हता, पण त्याचा कायदा कसा असावा याचा विचार ते हजारो मैलांवर बसून करत होते. कोलकात्यात १७२४ चं नाझरेथ चर्च आहे आणि १८२१ मध्ये सुरू झालेली आर्मेनियन शाळा आजही चालू आहे.

आता एक आवाज. १८७३ मध्ये आझमगढला एक मुलगी जन्मली. तिचं नाव अँजेलिना योवर्ड. वडील आर्मेनियन वंशाचे, आई हिंदुस्थानी नात्याची. आईवडील वेगळे झाले, आई-मुलीने बनारसमध्ये इस्लाम स्वीकारला आणि त्या मलका जान आणि गौहर जान झाल्या. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत त्या मोडतात. तबकडीच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. तिने गायलेल्या अनेक भाषांत मराठीही होती.

सणांचं वर्ष

मोहल्ला दगडांवरून ओळखता येतो, माणसं मात्र सणांवरून कळतात. आर्मेनियन चर्चचा नाताळ २५ डिसेंबरला नसतो, ६ जानेवारीला असतो. येशूंचा जन्म आणि बाप्तिस्मा ते एकाच दिवशी पाळतात. ही ख्रिस्ती जगातली जुनी रीत. इतरांनी ती बदलली, यांनी ठेवली. त्या दिवशी पाण्यावर दुआ केली जाते आणि लोक ते पाणी घरी नेतात. कोलकात्यातही नाताळ याच तारखेला होतो.

त्यानंतर चाळिसाव्या दिवशी, फेब्रुवारीच्या मध्यात, ‘त्रंदेझ’. चर्चच्या अंगणात मोठा जाळ पेटवतात. नवी लग्नं झालेली जोडपी त्याभोवती फिरतात आणि जाळ खाली बसला की हात धरून त्यावरून उडी मारतात. ईस्टरला कांद्याच्या सालीत अंडी उकडून लाल करतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटून कुणाचं टिकतं ते पाहतात. ईस्टरनंतर ९८ व्या दिवशी, भर उन्हाळ्यात, ‘वर्दावार’. त्या दिवशी ओळखीचा असो वा अनोळखी, कुणालाही बादलीभर पाण्याने भिजवायची मुभा असते आणि रागवायचं नसतं. ख्रिस्ती होण्याआधी हा अस्तघिक या देवीचा सण होता असं मानतात. चर्चने तो बंद केला नाही, आपल्या दिनदर्शिकेत घेतला. ऑगस्टच्या मध्यात द्राक्षांचा सण येतो. चर्चमध्ये द्राक्षांवर दुआ होते आणि जुन्या रीतीचे लोक त्याआधी नवं द्राक्ष तोंडात घालत नाहीत.

केळापूरच्या माणसाला यातलं काय अनोळखी आहे? आमच्याकडे फाल्गुनात होळी पेटते आणि दुसऱ्या दिवशी पाणी उडतं. आमच्या भागातले गोंड आणि कोलाम बांधव नवं पीक आधी देवाला दाखवतात, मग खातात. याचा अर्थ हे सण एकमेकांपासून निघाले असा नाही. पण शेतीवर आणि ऋतूवर जगणारा माणूस आग, पाणी आणि पहिलं फळ यांच्यापुढे सगळीकडे सारखाच थांबतो, एवढं तरी दिसतं.

आणि जेवण! ‘लवाश’ ही त्यांची पातळ रोटी ‘तोनिर’मध्ये भाजतात, म्हणजे आपल्या तंदूरमध्ये. नावही त्याचंच भावंड. २०१४ मध्ये युनेस्कोने लवाशची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. गहू आणि गोश्त रात्रभर शिजवून, घोटून केलेला ‘हरीसा’ हा त्यांचा मानाचा पदार्थ. मोहर्रमचा खिचडा किंवा रमजानची हलीम ज्यांच्या घरात शिजते, त्यांना देगचीत डाव फिरवणारे ते हात लगेच ओळखता येतील.

देगचीमागची गोष्ट

त्या हरीसामागे मात्र एक जखम आहे. १९१५ मध्ये उस्मानी सरकारने आर्मेनियनांना हद्दपार करून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं. कत्तली, भूक, तहान यांत लाखो माणसं मेली. मुसा दाग या डोंगरावरच्या गावकऱ्यांनी हद्दपारी नाकारून लढा दिला आणि सप्टेंबरमध्ये फ्रेंच जहाजांनी त्यांना वाचवलं. त्यांचे वारस आजही दर सप्टेंबरमध्ये मोठमोठ्या देगांत हरीसा शिजवून वाटतात. २४ एप्रिल हा जगभरच्या आर्मेनियनांचा स्मृतिदिन असतो.

हा विषय आपल्यात फारसा निघत नाही. खिलाफत चळवळ ही आपल्या आजोबा-पणजोबांची चळवळ होती आणि तिच्यात गांधीजींपासून अली बंधूंपर्यंत सगळे होते. तिचा अभिमान बाळगावा. पण ज्या खिलाफतीसाठी आपण झोळ्या फिरवल्या, तिच्याच राज्यात आर्मेनियनांवर काय गुजरलं याला आपल्या भाषणांत जागा नव्हती. आज ती द्यायला हरकत काय? त्याच इतिहासात आधी हलब आणि मग कोन्याचा गव्हर्नर असलेला जलाल बे आहे, ज्याने हद्दपारीच्या हुकमाला विरोध केला. मक्केचे शरीफ हुसैन आहेत, ज्यांनी १९१७ मध्ये आर्मेनियनांना आसरा द्यावा, त्यांचं रक्षण करावं असं लेखी फर्मावलं. जुलूम करणाऱ्यांचं नाव आपल्यासारखं होतं म्हणून जुलूम लहान होत नाही. अडवणाऱ्यांचंही नाव आपल्यासारखंच होतं, हे सांगायचा हक्क मात्र आधी जुलमाला जुलूम म्हटल्यावरच मिळतो.

आपल्यासाठी काय?

आज भारतात आर्मेनियन अगदी मोजके उरले आहेत. मुंबईच्या चर्चभोवती त्यांचा मोहल्ला राहिलेला नाही. तरी त्यांचा वारसा मेला असं म्हणवत नाही, कारण तो त्यांनी फक्त इमारतीत ठेवला नव्हता. चर्चबरोबर शाळा काढली, शाळेबरोबर छापखाना घातला, आणि जिथे गेले तिथे आपली दिनदर्शिका बरोबर नेली.

विदर्भातल्या गावोगावी आपल्या जुन्या मस्जिदी, दर्गे, कबरस्तानं आहेत. कित्येक दगडांवर फारसी-उर्दू अक्षरं आहेत, जी आपल्याच मुलांना वाचता येत नाहीत. दगडाला रंग देणारे दरवर्षी मिळतात, वाचणारे कमी होत चालले आहेत. गावातला असा एक लेख मुलांकडून कागदावर उतरवून घ्या. त्याचा अर्थ मराठीत लिहून शेजारच्या मराठी शाळेलाही द्या. आणि कधी फोर्टात जाणं झालं, तर नगीनदास मास्टर रोडवर ‘अरारत’च्या पाटीखाली दोन मिनिटं थांबा आणि बरोबरच्या मुलाला सांगा की हे एका डोंगराचं नाव आहे.