गलगंडाची वर्षमर्यादा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांचें निदान सांगितलें आहे. तेथें असाध्य गलगंडाच्या लक्षणांत श्वासकष्ट, अरुचि, क्षीणता व स्वरभेद यांच्या जोडीला कालाचीही एक खूण दिली आहे: ज्या गलगंडास संवत्सर लोटलें, तो वैद्यानें वर्ज्य समजावा. सुश्रुताचा गलगंड आणि आजच्या थायरॉईडची, म्हणजे अवटु ग्रंथीची, वाढ हीं सर्वांशीं एक नव्हेत. तथापि विलंब हेंही रोगाचें एक लक्षण, हा विचार ध्यानांत घेण्याजोगा आहे.

नवी मुंबईंत या विचाराची कसोटी लागली. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यांतील ग्रंथिक ज्वराच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीमुळें झाला. तोच महाराष्ट्र शासनानें मार्च २०२० मध्यें पुन्हां अंमलांत आणला. २० मार्च रोजीं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलण्यास रुग्णालयांस सांगितलें. वाशीचें महानगरपालिकेचें रुग्णालय कोविडसाठीं राखलें गेलें. पनवेल-बेलापूरच्या रोग्यांचा परळच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाण्याचा नित्याचा मार्ग लोकलगाडीचा. त्या गाड्या २३ मार्चपासून थांबल्या, आणि सर्वसामान्य प्रवाशांस १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, त्याही ठराविक वेळांपुरत्या, खुल्या झाल्या. संवत्सरास दीड-दोन महिनेच उणे!

भूलतज्ज्ञ व श्वसनयंत्रें साथीच्या रोग्यांकडे वळलीं होतीं. गळ्याच्या शस्त्रक्रियेंत श्वासमार्गाशीं संबंध येत असल्यानें संसर्गाचें भयही अधिक. शिवाय ही गांठ बहुधा संथपणें वाढते. म्हणून तिची पाळी शेवटीं लागली. हा क्रम अविचाराचा नव्हता, कारण बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात, आणि लहानशा कर्करोगासही कांहीं महिने थांबतां येतें. परंतु सर्वच गांठी तशा नसतात. ४९ देशांतील १५७ शस्त्रक्रियाकेंद्रांचें संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. साथीच्या काळांत अवटु ग्रंथीच्या शस्त्रक्रिया घटल्या, आणि पुढें मोठ्या व लसिकाग्रंथींत पसरलेल्या अर्बुदांचें प्रमाण वाढलें, असें त्यांत दिसून आलें.

साथीचीं दप्तरें साथीच्या रोग्यांचीं असतात. जे थांबून राहिले त्यांचीं नसतात. त्यांचा इतिहास रद्द झालेल्या तारखांच्या चिठ्ठ्यांत, सोनोग्राफीच्या कागदांत आणि शस्त्रक्रियागृहांच्या नोंदवह्यांत विखुरला आहे. गांठ आढळल्याची व ती काढल्याची, अशा दोन तारखा ताडून पाहिल्या कीं विलंबाचें माप मिळतें. हे कागद आज रद्दींत जात आहेत. पोथ्या जपणाऱ्या संग्राहकांनीं, रोग्यांची संमति घेऊन व नांवें झांकून, यांच्याही प्रती जपाव्या.