एका बोटीचे दोन जन्म

'लायनर' कोणती आणि सहलीची 'क्रूझ' बोट कोणती, असे विचारले तर पुष्कळ मंडळी थाटामाटावरून उत्तर देतील. पण थाट दोहोंकडे असतो. खरा फरक पाहावयाचा तर दिवाणखान्यातून उठून खाली इंजिनघरात उतरले पाहिजे. सुदैवाने एकच बोट या दोन्ही जन्मांतून गेलेली आहे.

ती बोट 'फ्रान्स'. मे १९६० मध्ये सेंट नाझेर येथे द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते ती पाण्यात उतरली. दोनच वर्षांपूर्वी, १९५८ साली, जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली होती. म्हणजे राजकन्या जन्मली ती राज्य गेल्यावर! तरी १९६२ पासून ती ल हाव्र ते न्यूयॉर्क अशी धावली. लांबी १०३५ फूट, पंखे चार, वेग तीस नॉट. थंडी असो, तुफान असो, ठरल्या दिवशी पलीकडचे बंदर गाठणे हा लायनरचा धर्म. म्हणून तिचे अंग पाण्यात खोल, आणि फिरण्याचे सज्जे काचा लावून बंद केलेले. वाटेत पाहण्यासारखे काय होते? पाणी! उतारूला पलीकडे जावयाचे होते, एवढेच.

पुढे तेल महागले. १९७४ साली सरकारने मदत थांबविली. खलाशांनी बोट ताब्यात घेऊन ल हाव्रच्या तोंडाशी अडवून धरली, पण उपयोग झाला नाही.

१९७९ साली नॉर्वेच्या एका मालकाने ती घेतली, नाव 'नॉर्वे' ठेवले, आणि चारांपैकी दोन पंखे काढून टाकले. पुढचे इंजिनघरही बंद केले. ज्या वेगासाठी ती बांधली, तोच आता नकोसा झाला. मायामीहून निघून कॅरिबियन बेटांवर रमतगमत जाणाऱ्याला घाई कसली? उघड्या डेकवर पोहण्याचा तलाव आला. गंमत अशी की, अटलांटिकसाठी केलेले खोल अंग बेटांच्या धक्क्यांना लागेना. म्हणून उतारूंना किनाऱ्यावर नेण्यासाठी दोन मोठ्या होड्या तिच्या पुढच्या डेकवरच ठेवाव्या लागल्या.

मे २००३ मध्ये मायामीत बॉयलर फुटून आठ खलाशी मेले. त्यानंतर ती उतारू घेऊन कधी निघाली नाही. २००६ साली ती मोडण्यासाठी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढविली गेली. आगीपासून बचाव म्हणून तिच्या अंगात घातलेला अ‍ॅस्बेस्टॉस आता मोडणाऱ्या मजुरांच्या छातीत जाईल, या भयाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००७ साली परवानगी मिळाली, आणि मजूर कामाला लागले.